कोणासोबत जेवलात?

तीन महिन्यांच्या शुगरचा आकडा साडेनऊ आला, तेव्हा माझ्यापेक्षा माझी मुलगीच जास्त घाबरली. ती बंगळुरूला असते. तिचे वडील गेल्यापासून दर दोन-तीन महिन्यांनी चार दिवस येते, माझ्या गोळ्या तपासते, फ्रिज धुते, पंखे पुसते आणि जाते. त्या खेपेला ती मला ठाण्याच्या एका हॉस्पिटलात घेऊन गेली. डॉक्टरांनी आम्हाला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. बाई कसली, माझ्या मुलीहूनही लहान पोरगी होती. तिनं माझ्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. जे खाल ते त्यात लिहायचं, जमलं तर ताटाचा फोटो काढायचा. ती तिकडून बघणार आणि माझी मुलगीही तिच्या फोनवर बघू शकणार.

"जमेल ना काकू?" तिनं विचारलं.

"न जमायला काय झालं? आयुष्यभर दुसऱ्यांचं खाणं लिहिलंय मी."

हे मात्र खरं होतं. भिवंडीच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले तेव्हा इथे नगरपालिका होती, निवृत्त झाले तेव्हा महापालिका. गरोदर बायांच्या कार्डावर वजन, रक्त आणि आहार लिहायचा, हे माझं काम. आठवड्यातून तीन दिवस यंत्रमागांच्या शेडमागच्या खोल्यांमधून फिरायचं. मागांच्या खडखडाटात ओरडून विचारायचं, "कल क्या खाया था?" उत्तर सगळीकडे एकच. "दाल-चावल, सब्ज़ी, रोटी." आणि डोळ्याची खालची पापणी ओढून बघावी तर आत पांढरंफटक. दोन वेळा चहा-पाव खाऊन दिवस काढलेला कळायचा. मी चिडायचे. माझ्याबरोबर दवाखान्यातली आया असायची. बाहेर आल्यावर ती म्हणायची, "डाँटा मत करो सिस्टर. वो झूठ नहीं बोलती, उसको शरम आती है."

मुलगी परत गेली आणि मी लिहायला लागले. पहिले काही दिवस गंमतच वाटली. ॲप मराठीत होतं, पण ती मराठी कुठल्या गावची कोण जाणे. ‘आज आपण दुपारी काय सेवन केले?’ असं विचारायचं. सुकट लिहिलं की सूप दाखवायचं. वालाचं बिरडं लिहिलं की म्हणायचं, बिर्याणी का? तांदळाची भाकरी त्याला शेवटपर्यंत सापडली नाही. मी दर वेळी ‘इतर’ दाबून हातानं लिहायचे. त्या आहारतज्ज्ञ मुलीनं एकदा खाली लिहिलं, ‘काकू, सुकट म्हणजे नेमकं काय?’ ती नागपूरकडची होती. मी तिला सुक्या मासळीतले सोडे, जवळा, सुकट यांतला फरक सविस्तर लिहून पाठवला. दोन दिवसांनी तिचा अंगठा आला.

जेवणाची नोंद झाली की शेवटी एक प्रश्न यायचा. ‘कोणासोबत जेवलात?’ खाली तीन गोल. एकटे, कुटुंबासोबत, मित्रमैत्रिणींसोबत. मी ‘एकटे’ दाबायचे आणि फोन ठेवून द्यायचे. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी मुलीचा फोन आला. दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलत होती, मधेच थांबली.

"आई, ते चार्टमध्ये रोज एकटे, एकटे, एकटे दिसतं गं."

"मग काय दिसणार? मी एकटीच आहे."

"तसं नाही. पण बघून कसंतरी होतं. सकाळी मीटिंगच्या आधी मी ते उघडते ना, मग दिवसभर डोक्यात राहतं." मग ती म्हणाली, "तू इकडे ये ना माझ्याकडे."

हे आमचं दर वेळचं बोलणं होतं. मी दोनदा जाऊन राहिले होते. ती आणि जावई सकाळी आठला बाहेर पडत, संध्याकाळी सातला येत. तिथल्या बाराव्या मजल्यावर मी जितकी एकटी होते तितकी भिवंडीत कधीच नव्हते. इथे निदान खालच्या बेकरीवाल्याला माझा आवाज माहीत आहे. पण हे तिला सांगता येत नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "अगं, रोज कुठे एकटी? ती येते ना मधूनमधून."

"कोण ती?"

आणि माझ्या तोंडून दवाखान्यातल्या आयाचं नाव गेलं.

"अय्या, खाला येते? कधीपासून?" मुलीचा आवाज एकदम उजळला. लहानपणी शाळा सुटल्यावर ती दवाखान्यात येऊन बसायची, तेव्हा आया तिच्या वेण्या घालून द्यायची. ती तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. ईदच्या दुसऱ्या दिवशी डबाभर शीरखुर्मा खास तिच्यासाठी आणायची. "मग लिहीत का नाहीस तू?"

"राहून जातं," मी म्हटलं. "मंगळवारी येते, शुक्रवारी येते."

असं ते सुरू झालं.

तिचंच नाव का आलं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. आमच्या घरात सासूबाई होत्या, दीर होते, नणदा लग्न होईपर्यंत होत्या. नवऱ्याचं गाव इथलंच, भिवंडीजवळचं पूर्णा. तिथून रोज कोणी ना कोणी कोर्टाच्या, दवाखान्याच्या कामाला यायचं आणि जेवूनच जायचं. मी सगळ्यांना वाढायचे. सगळ्यांचं झालं की पातेल्यात उरलेलं घेऊन ओट्यापाशी जेवायचे. पुढे घर रिकामं होत गेलं, सासूबाई गेल्या, दिरांनी वेगळी घरं केली, मुलीचं लग्न झालं. आम्ही दोघंच उरलो, तरी यांना गरम पोळी लागायची, म्हणून सवय तीच राहिली. त्या घरात मी कोणासोबत जेवले असं म्हणायला जागाच नव्हती. पण दुपारी दीड वाजता दवाखान्याच्या मागच्या बाकावर मी आणि ती समोरासमोर डबे उघडायचो. माझ्या डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी, तिच्या डब्यात रोटी आणि आलू-गोश्त नाहीतर नुसती आचाराची फोड. झाकणात एकमेकींना वाढायचो. तिला माझी सुकट आवडायची, ती बोटं चाटून खायची. तिचं गाव आझमगडकडे, लग्न होऊन भिवंडीत आलेली, नवरा मागावर. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुठल्या खोलीत कोणाला कितवा महिना आहे हे माझ्या रजिस्टरआधी तिला माहीत असायचं. पंधरा-वीस मिनिटांचं ते जेवण. असं आम्ही बावीस वर्षं जेवलो.

मग ती निवृत्त झाली, दोन वर्षांनी मी झाले. मग यांचं आजारपण सुरू झालं. यांच्या जाण्याच्या वेळी ती आली होती, दारात माझा हात धरून बराच वेळ उभी होती. त्यानंतर एकदा मंडईत भेटली. "आओ कभी घर," ती म्हणाली. "येते," मी म्हटलं. तिचा नंबर पुढे लागेनासा झाला. तिची खोली माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. मी गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. दुसरं काही कारण नव्हतं.

मंगळवारी दुपारी मी ‘मित्रमैत्रिणींसोबत’चा गोल दाबला. मुलीनं लगेच हृदय पाठवलं. ‘काय केलंस खालासाठी?’ मी लिहिलं, सुकटीची चटणी. खरं म्हणजे मी चहात खारी बुडवून खाल्ली होती. शुक्रवारी मुलीनं लिहिलं, ‘फोटो टाक ना.’ तेव्हा मी उठले. सुकट भाजली, कांदा चिरला, भाकरी थापली, मेथीची भाजी केली. आणि ओट्यावर दोन ताटं मांडली. दोन्हींत वाढलं, दोन वाट्या ठेवल्या, दोन पेले भरले. फोटो काढला. मग दुसऱ्या ताटातलं पुन्हा पातेल्यात ओतलं आणि ते ताट धुऊन ठेवलं. उरलेलं संध्याकाळी खाल्लं.

मी वेडी झाले नव्हते. ती येणार नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. पण मंगळवार-शुक्रवार मी नीट स्वयंपाक करायला लागले हेही खरं. सोमवारी संध्याकाळीच डाळ भिजत घालायचे. तिला कारलं आवडत नाही म्हणून शुक्रवारी कारलं करायचे नाही. मुलगी फोनवर विचारायची, "काय म्हणते खाला?" आणि मी सांगायचे. तिचे गुडघे दुखतात. तिच्या मुलाला आता गोदामात नोकरी लागली आहे, माग बंद पडले ना. हे सगळं मी रचत होते, पण तसं रचतानाही तिच्याच बोलण्याची ढब माझ्या कानात असायची. जुलैमध्ये शुगर साडेसातवर आली. आहारतज्ज्ञ मुलीनं लिहिलं, ‘काकू, सोबत जेवल्याचा फायदा बघा!’ मी ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

पंधरा ऑगस्टची सुट्टी जोडून मुलगी आली. बॅग उघडून तिनं एक सलवार-कमीजचं कापड काढलं. फिकट हिरवं, बारीक बुट्ट्यांचं.

"खालासाठी. चल, आज तिच्या घरी जाऊ. मला तिला भेटायचंय."

"शुक्रवारी येईलच की ती," मी म्हटलं.

"शुक्रवारी माझं विमान आहे सकाळी. चल ना आई, किती वर्षं झाली."

मी गुडघ्याचं कारण सांगितलं, उन्हाचं सांगितलं. तिनं खाली जाऊन रिक्षा थांबवली होती. वाटेत मी मनाशी ठरवलं की घरी असली तर दारातच तिला डोळ्यांनी खुणावायचं. ती समजेल. बायांची अर्धी बोलणी ती खुणेनंच समजायची. ती म्हणेल, हाँ बेटा, आती हूँ ना, तुम्हारी अम्मी का खाना कौन छोड़ेगा. एवढं ती माझ्यासाठी करील अशी माझी खात्री होती. खरं सांगायचं तर मला थोडा आनंदही झाला होता. या निमित्तानं का होईना, मी तिच्याकडे चालले होते.

खोलीला कुलूप होतं. शेजारच्या बाईनं सांगितलं, "वो लोग तो डेढ़ साल हुआ चले गए. मानकोली की तरफ. लड़का उधर गोदाम में लगा है ना."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. "तुला माहीत नव्हतं?"

"ती इकडे येते, मी कुठे तिच्याकडे जाते," मी म्हटलं. माझ्याच कानाला ते कसंतरी वाटलं. पण एक गोष्ट माझ्या मनात टोचून गेली. तिच्या मुलाला गोदामात नोकरी लागल्याचं मी रचलं होतं. ते खरं निघालं होतं.

शेजारणीनं मुलाचा नंबर दिला. मुलीनं फोन करून पत्ता विचारला. तो ड्युटीवर होता, म्हणाला, घर में जाओ, बीवी है. मानकोलीच्या नाक्यापासून आत, गोदामांच्या पत्र्याच्या लांबलचक भिंती संपल्या की एक नवी चाळ होती. दारात दोन-अडीच वर्षांची मुलगी वाटीतलं काहीतरी सांडत बसली होती. आतून तिची आई आली. मी कोण ते सांगितलं. तिनं पटकन ओढणी डोक्यावर घेतली आणि माझा हात हातात धरला.

"सिस्टर? दवाखानेवाली सिस्टर?"

"हाँ. अम्मी है?" माझी मुलगी मागून म्हणाली. पिशवीतून कापड काढत होती ती.

सुनेनं एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. "आपको खबर नहीं मिली? अम्मी तो रमज़ान से पहले गुज़र गईं."

मागे कोणीतरी ट्रक वळवत होतं, त्याची पीं-पीं चालू होती. रमजान मार्चच्या आसपास होता. मी तिला पहिल्यांदा जेवायला बसवलं ते मेमध्ये.

सुनेनं आम्हाला आत बसवलं. पाणी दिलं. सांगत होती, किडनी गेली होती, शुगरच होती आधीपासून, शेवटी शेवटी काही खायचीच नाही. माझ्या मुलीच्या मांडीवर ते हिरवं कापड तसंच होतं. निघताना तिनं ते सुनेच्या हातात दिलं आणि म्हणाली, "आप सिलवा लेना."

रिक्षात ती दुसऱ्या बाजूला तोंड करून बसली होती. भिवंडीत शिरताना रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली, तेव्हा म्हणाली, "आई, मग जेवत कोणासोबत होतीस?"

"कोणासोबतच नाही."

"ती दोन ताटं?"

"दोन्ही मीच."

मला वाटलं ती रागावेल. ती रडायला लागली. रिक्षावाला आरशातून बघत होता. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण हात उचलेना. मला स्वतःलाही रडायचं होतं, आणि ते खालासाठी. पण मी तिला मेल्यानंतर महिनोन् महिने माझ्या सोयीसाठी घरी बोलावलं होतं. आता तिच्यासाठी रडायचा आपल्याला हक्क आहे का, तेच कळत नव्हतं.

घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "मी तो चार्ट बघून तसं बोलले नसते तर तू हे केलंच नसतंस ना?"

"तुझं काही नाही त्यात. मला लाज वाटली."

"कसली लाज?"

मी उठून दिवा लावला. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा बंगळुरूचा विषय काढला. मी पुन्हा नाही म्हटलं. या वेळी निदान कारण खरं सांगितलं, तो बारावा मजला, ते अकरा तास. ती ऐकत राहिली. शुक्रवारी पहाटे ती गेली.

त्या दुपारी मी आहारतज्ज्ञ मुलीला लिहिलं की मंगळवार-शुक्रवारच्या माझ्या सगळ्या नोंदी चुकीच्या आहेत, त्या बदलायच्या आहेत. तिनं फोनच केला. मी सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, जुन्या नोंदी बदलता येत नाहीत. सात दिवसांनंतर त्या बंद होतात." आणि हळूच म्हणाली, "जेवण तर खरं होतं ना? तेवढं पुरे आहे मला."

जेवण खरं होतं. पण मला ते पुरेसं वाटलं नाही. त्यानंतर पंधरा-वीस दिवस मी काही लिहिलंच नाही आणि शिजवलंही फारसं नाही. शेवटी मुलीनंच मार्ग काढला. आता आठवड्यातून एक-दोनदा दुपारी ती व्हिडिओ कॉल लावते. तिकडे ती ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये डबा उघडते, इकडे मी फोन बरणीला टेकवून ठेवते. बोलायला फार नसतं. तिच्या मागे माणसं हसत असतात, चमचे वाजत असतात. मधेच तिला कोणीतरी हाक मारतं आणि ती म्हणते, "आई, जाते गं." अशा दिवशी मी ‘कुटुंबासोबत’ दाबते, कारण तिला ते आवडतं. बाकीचे दिवस ‘एकटे’. आता तिला ते दिसतं आणि ती काही बोलत नाही.

ऑक्टोबरमध्ये मी एकटी मानकोलीला गेले. कशासाठी, ते नीट माहीत नव्हतं. सून घरी होती. त्या हिरव्या कापडाचा ड्रेस तिनं शिवून घेतला होता आणि तोच घातला होता. चहा करता करता म्हणाली, "आखिर में अम्मी आपको बहुत याद करती थीं. हम लोग का मोबाइल गिरके टूट गया था, उसी में आपका नंबर था. अम्मी बोलती थीं, सिस्टर को पता चलेगा तो आ जाएगी."

मी कप खाली ठेवला. ती दुखवण्यासाठी बोलली नव्हती, सांगायचं राहिलं होतं ते सांगत होती. मला तिला म्हणायचं होतं की मला पत्ता माहीत नव्हता. पण दीड वर्षापूर्वीपर्यंत माहीत होता.

"कहाँ रखा है उनको?" मी विचारलं. तिनं जागा सांगितली. आमच्याच बाजूला, भिवंडीतल्या कब्रस्तानात. परतताना रिक्षावाल्याला मी त्या रस्त्यानं घ्यायला सांगितलं. आत जायचं असतं की नसतं, बाईनं, त्यातून माझ्यासारखीनं, मला माहीत नव्हतं आणि विचारणार कोणाला. भिंतीला लागून रिक्षा थांबवली. भिंतीवरून कडुनिंबाच्या फांद्या दिसत होत्या, पलीकडच्या शेडमध्ये चारदोन माग अजून चालू होते. मी पाच मिनिटं बसले. मागून हॉर्न यायला लागले तेव्हा म्हटलं, "चलो."

घरी पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. पोटात सकाळच्या गोळ्या आणि सुनेचा चहा, एवढंच होतं. मुगाची डाळ धुतली, कुकर लावला, एक वांगं होतं ते भाजायला ठेवलं. कुकर निवेपर्यंत ओटा पुसून घेतला. मग ताट घेऊन टेबलाशी बसले, फोटो काढायचं विसरले, आणि जेवून घेतलं.